सव्वाला उतरणारा

जपूनकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारी एकच जागा आता उरली होती, ती म्हणजे पेन्शनची खिडकी. तिथली बाईसुद्धा नाव वाचताना मान वर करत नसे. बाकी सगळ्यांना ते जपूनकाका. हे नाव ठेवलं इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायकांनी. काका तिथं एकतीस वर्षं बॉयलर सांभाळायला होते. ओल्या चादरींची गाडी ढकलत कुणी दारातून आलं की ते आतून ओरडत, "जपून!" कुणी गरम नळापासून हातभर अंतरावरून गेलं तरी "जपून." एकदा साहेबांना नुसती शिंक आली, तर त्यावरही "जपून." मग काय, बायकाच त्या. निरोपाच्या दिवशी आणलेल्या केकवर त्यांनी नावाऐवजी तेच लिहून आणलं, आणि काकांनी केक कापायला सुरी उचलल्याबरोबर पन्नास जणी एका सुरात ओरडल्या, "जपून!" त्या दिवशी काका मनापासून हसले होते.

बॉयलर सांभाळणं म्हणजे खुर्चीत बसून पगार खाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून बघावं. पाणी किती, आग किती, वाफेचा दाब किती, हे दर अर्ध्या तासानं बघायचं आणि वहीत लिहायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. काका तिथं लिहीत, 'ठीक'. एकतीस वर्षांत दुसरा शेरा त्यांनी लिहिला नाही, कारण बिघडायच्या आधीच ते नीट करत. या कामातलं एक शहाणपण ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. दाबाचा काटा बघताना तो कुठं आहे हे नंतर बघ, आधी तो थरथरतोय का ते बघ. जिवंत काटा जरा जरा थरथरतो. एकाच जागी गुमान बसलेला काटा दिसला की समज, मेलाय. आत काय चाललंय ते तो सांगत नाहीये.

एका सकाळी बदलीचा माणूस खुशीत म्हणाला होता, "काका, आज बॉयलर अगदी गुणी बाळ झालाय. तासभर काटा हललेला नाही." काका हातातला चहा टाकून धावले. बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं, तसा काटा उडी मारून लाल रेघेला भिडला. त्यांनी हातानं झडप उचलली, सगळं आवार वाफेनं भरलं, दहा मिनिटं कुणाला कुणाचं तोंड दिसेना. काहीच झालं नाही. आणि काही न होण्याबद्दल कुणी कुणाचा सत्कार करत नाही, तसा तो झालाही नाही. त्या दिवशीचा शेरासुद्धा 'ठीक'च.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी काकू गेल्या. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात, तिचं घर, नोकरी, लेक, सगळं तिकडेच. काकांकडे दोन खोल्या राहिल्या आणि वेळ. वेळेचं त्यांनी बॉयलरसारखंच केलं, रकाने पाडले. सहाला उठणं, साडेसातला गोळी, नऊला जिना झाडणं, बाराला जेवण. चार वाजता धुलाईखान्यात बॉयलरचा गाळ सोडायची आणि चहाची वेळ असे, म्हणून चारला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर. तिथं चार निवृत्त डोकी जमत आणि जगातल्या सगळ्या सरकारांना अक्कल शिकवत.

ते सुटलं कवळीमुळे. काकांची कवळी जुनी, हिरड्या झिजल्या तशी ढिली झालेली. बोलताना टकटक वाजे. एका संध्याकाळी कुणीतरी विनोद केला, काका खदखदून हसले, आणि वरचे सगळे दात शेजारच्या मास्तरांच्या चहात. सगळे हसले. मास्तरही हसले, त्यांनी चमच्यानं दात काढून दिले, दुसरा चहा काकांच्या नावावर मागवला. काकांनी पैसे दिले, तेही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिकडे फिरकले नाहीत. कुणी बोलवायला आलं नाही. का येतील? माणूस आला नाही की काही दिवस लोक म्हणतात 'दिसला नाही', आणि मग तेही म्हणत नाहीत.

मुलगी दर रविवारी एक वाजता फोन करी. नातीला पोहण्याच्या वर्गाला सोडताना, गाडी चालवता चालवता. "बाबा, जेवलात का?" "हो." "गोळी घेतली?" "घेतली." "दातांचं काय केलं?" "जायचंय." "बाकी कसं?" "ठीक." "जपून राहा हं." हे सगळं तीन सिग्नलांत आटोपे. दातांसाठी तिनं पैसेही पाठवले होते, चांगले दोन्ही कवळ्या नव्या होतील इतके. पण दातांची डॉक्टरीण म्हणाली, पाच वेळा यावं लागेल, सोबत कुणी असलं तर बरं. सोबत कुणाला न्यायचं, या एका प्रश्नावर ते काम तीन महिने अडून बसलं होतं.

फोन जावयानं पाठवलेला. त्यावर एका दुपारी बातम्या बघता बघता मधेच एक फुगा वर जायला लागला. लाल, गोल, आणि त्याच्या बाजूला आकडा चढतोय. एक, एक पूर्णांक एक, सव्वा, दीड, दोन. मग फट्. काका ताठ बसले. चढणारा आकडा आणि फुटायच्या आत हात घालणं! एकतीस वर्षं दुसरं केलं काय त्यांनी?

तो जुगार होता, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं. काकू असत्या तर फोन खिडकीतून गेला असता. खेळ अगदी सोपा. फुगा निघायच्या आधी पैसे लावायचे. फुगा वर जाईल तसे ते वाढतात. फुटायच्या आत बटण दाबून उतरलात तर वाढलेले पैसे तुमचे. फुटेपर्यंत बसून राहिलात तर लावलेलेही गेले. एक फेरी संपते ना संपते तोच दुसरी सुरू. विचार करायला वेळच ठेवलेला नाही, आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही हेही काकांच्या लक्षात आलं.

म्हणून त्यांनी आपला नियम बांधला. दुपारी चार वाजता. फक्त दहा फेऱ्या. एका फेरीला अर्ध्या कप चहाचे पैसे. आणि पैसे सव्वापट झाले की उतरायचं. मग फुगा पुढं शंभरापर्यंत जाऊ दे की चंद्राला लागू दे. घरात एक कोरी लॉगबुकाची वही होती, तिच्यात रकाने पाडले: फेरी, कुठं उतरलो, फुगा कुठं फुटला, शेरा.

दोन महिने त्यांनी फुग्याचा स्वभाव शोधला. आधीच्या फेरीवरून पुढची कळते का, तीन लहान झाल्यावर मोठा येतो का. काही नाही. वाफेला कारण असतं. आग जास्त झाली, पाणी कमी झालं, नळी चोंदली. फुग्याला कारणच नव्हतं. हिशेब तर त्याहून सरळ निघाला. दहातल्या आठ वेळा पाव-पाव मिळाले की दोन झाले, आणि दोन वेळा बुडालं की दोन गेले. हाती शून्य. पण दहातल्या दोनच वेळा फुटेल असं फुग्यानं कुठं लिहून दिलं होतं? अधूनमधून तिसऱ्यांदाही फुटे. म्हणजे जपून खेळलं तरी पैसा जातच होता, फक्त सावकाश. काकांनी वहीत तसं स्पष्ट लिहिलं: 'यात मिळत नाही. जपून खेळल्यास हळू जाते.' इतकी स्वच्छ गोष्ट समजलेला माणूस दुसऱ्या दिवशी खेळ बंद करतो. काकांनी केला नाही. त्याचं कारण फुगा नव्हताच.

कारण होतं फुग्याच्या खालची पट्टी. फुगा सगळ्यांचा एकच असे, कोण कुठं उतरलं तेही सगळ्यांना दिसे, आणि त्या पट्टीत खेळणारे लोक एकमेकांशी बोलत. खरं नाव कुणाचंच नाही. एकजण 'वादळ', फेरीफेरीला बढाया मारणारा. एक 'मावशी'. बाकी येणारे-जाणारे पुष्कळ. काकांना नाव विचारलं तेव्हा त्यांनी सवयीनं 'जपून' लिहिलं. आणि तिथं बोलायला दात लागत नव्हते.

बोलणं तरी काय, आठवड्यातून दोन-तीनदा एकच शब्द. वादळ लिही, "आज सगळं लावणार!" काका अक्षरं हुडकत लिहीत, "जपून." तोवर फेरी संपलेली असे, वादळ बुडालेलाही असे. लोक हसण्याची चित्रं टाकत. पण एके दिवशी काका आले तशी मावशी लिहिती झाली: "जपूनकाका आले म्हणजे चार वाजले. चला, चहा टाकते."

'काका' तिनं आपल्याच मनानं जोडलं होतं. काकांनी ती ओळ चार वेळा वाचली. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी बाईचा चहा त्यांच्या येण्यावर ठरत होता! त्यांनी उठून स्वतःचाही चहा टाकला. मग हे रोजचंच झालं. मावशी कधी लिही, कधी लिहीत नसे, पण काका चारचा ठोका चुकवत नसत. एकदा ताप चढला होता, अंगात कणकण, डोळे उघडत नव्हते. तरी चारला पांघरुणातून हात काढून दहा फेऱ्या खेळले. त्या बाईचा चहा खोळंबायला नको. दिवे गेले त्या दिवशी जिन्यात जाऊन उभे राहिले, तिथं फोनला जरा रेंज येई. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही. काकूंच्या तोंडातून यावर नक्की निघालं असतं, की माझ्यासाठी कधी इतके वेळेवर आला नाहीत.

आणि एका मंगळवारी वादळानं लिहिलं, "त्या जपूनशी कसले बोलता? ते मशीन आहे."

"कशावरून?" कुणीतरी विचारलं.

"आठ महिने बघतोय. रोज चारला येतं. मोजून दहा फेऱ्या. सव्वाला उतरतं. एक दिवस खाडा नाही, एक फेरी इकडची तिकडे नाही. माणूस असं खेळतो होय? खेळवाल्यांनी बसवलेलं बाहुलं आहे. आपल्याला वाटावं, जपून खेळलं की जमतं."

काकांची तेव्हा सहावी फेरी चालली होती. ते बघत राहिले. मावशी काहीतरी म्हणेल. म्हणेल, अरे तो म्हातारा माणूस आहे, त्याच्यावर मी चहा टाकते. मावशी म्हणालीच.

"मलापण कधीकधी तसंच वाटायचं."

फुगा सव्वाला आला. काकांनी बटण दाबलं. अंगठ्यानं आपलं आपण दाबलं, आणि पट्टीत एकदम हशा उसळला. "बघा! उतरलं! सव्वा!"

काका लिहायला लागले. 'मी माणूस आहे' एवढी तीन शब्दांची ओळ, पण 'णू' सापडेना. पाठवली तेव्हा दोन फेऱ्या उलटल्या होत्या. "मशीन हेच म्हणणार," उत्तर आलं. मग त्यांनी बॉयलरचं लिहायला घेतलं, एकतीस वर्षांचं, धुलाईखान्याचं, मावशीच्या चहाचं. बोटं चुकत होती, चष्म्यावर घाम येत होता. पाठवायला गेले तर यंत्र म्हणालं, एवढं लांब जात नाही. तोडून तोडून पाठवलं तोपर्यंत गडी दुसऱ्याच विषयावर गेले होते. मध्येच उगवलेल्या 'आणि चादरी सुकवायला वाफ' या ओळीखाली कुणीतरी लिहिलं, "मशीन बिघडलं रे."

संध्याकाळी काका वही उघडून बसले. दिवा लावायचंही सुचलं नाही. आठ महिन्यांची पानं. एक पूर्णांक पंचवीस, एक पूर्णांक पंचवीस. ठीक, ठीक, ठीक. हा काटा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या बॉयलरवर बघितला असता तर चहा टाकून धावले असते. वाईट वाटलं ते वादळाचं नाही. वादळ टवाळच. पण आपण तापातून उठून गेलो ते ज्या बाईसाठी, तिला त्या वेळेवर येण्यामुळेच आपण मेलेले वाटलो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ते रडले. एकाहत्तराव्या वर्षी, एकटे, कुणी बघणारं नाही म्हटल्यावर चांगले मोकळेपणानं रडले.

बुधवारी चारला काका हजर. पण त्या दिवशी अर्ध्या कपाचे पैसे नव्हते. दातांचे पैसे त्यांनी सगळेच्या सगळे खेळात वळते करून घेतले होते, आणि पहिल्याच फेरीला त्यांतला चौथा भाग लावला.

फुगा निघाला. सव्वा. अंगठा सवयीनं खाली आला, काकांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. दीड. "अरे! सव्वाला उतरलं नाही!" पट्टीत कुणीतरी ओरडलं. पावणेदोन. दोन. छातीत धडधडायला लागलं. इतकं तर त्या गुणी बाळाच्या दिवशीही धडधडलं नव्हतं. अडीच. आता उतरलं तर पैसे अडीचपट. पण अडीचला उतरायला मशीनलाही शिकवता येतं, काकांनी विचार केला. मशीनला जे शिकवून कुणाचा फायदा नाही ते एकच, बुडणं. पावणेतीन. फट्.

"गेला! जपून गेला!"

"माणूस आहे रे, माणूस आहे!"

"या काका, आमच्यात या!"

काका मोठ्यांदा हसले. रिकाम्या खोलीत, खदखदून. वरची कवळी निसटून मांडीवर पडली, ती त्यांनी तशीच राहू दिली. लोक विचारत होते आणि या वेळी थांबतही होते. काका काय करायचे? बॉयलर सांभाळायचो. बापरे, फुटला नाही का कधी? एकदाही नाही. मग आज फुटला म्हणा! पुन्हा हशा. त्या हशात काका होते, अगदी मध्यभागी, चहाच्या गाडीवर असत तसे. "अजून एक होऊन जाऊ दे, काका!" वादळानं लिहिलं. काकांनी तेवढाच दुसरा भाग लावला. बुडाला. "अरेरे!" किती जणांनी अरेरे केलं! काकू गेल्या तेव्हासुद्धा एवढे लोक हळहळले नव्हते. तिसरा लावला. चौथा लावला तेव्हा पट्टीत कुणी काही बोललंही नाही, कारण आदल्याच फेरीत दुसरं कुणीतरी मोठं घबाड घेऊन उतरलं होतं आणि सगळे तिकडे वळले होते. या वेळी फुगा सव्वाच्याही आत फुटला.

साडेचार वाजले होते. दात गेले होते, म्हणजे जुने मांडीवर होते आणि नवे फुग्यात. काका पडद्याकडे बघत बसले. तेव्हा मावशी आली.

"काका, खरंच तुम्ही आहात?"

"आहे."

"वय काय तुमचं?"

"एकाहत्तर."

"घरात कोण असतं?"

काकांनी अक्षरं शोधली. "कुणी नाही."

एक फेरी गेली, दुसरी गेली.  मग मावशीची ओळ आली.

"मग इथून जा हो, काका."

काकांना वाटलं आपण चुकीचं वाचलं. त्यांनी चष्मा पुसला. खाली दुसरी ओळ आली होती. "मला खरंच वाटलं मशीन आहे. मशीनचं काय जातं? म्हणून चहाचं गमतीनं म्हणायचे. उद्या चारला दिसलात तर मी एक शब्द बोलणार नाही."

"तू पण जा," काकांनी लिहिलं. पहिल्यांदाच बोटं भराभर चालली.

"माझं सोडा. मी जाणारी असते तर केव्हाच गेले असते. तुम्ही जपून राहा."

गुरुवारी काका चारला गेलेच. हाताला ओढ असते, आणि माणूस आहोत हे सिद्ध केलं की ती सोबत येतेच. लावायला काही नव्हतं. ते नुसते पट्टीत उभे राहिले. मावशीचं नाव यादीत होतं. काकांनी लिहिलं, "चार वाजले." मावशी बोलली नाही. वादळानं विचारलं, "काका, आज लावत नाही का?" आणि नाही म्हटल्यावर तोही पुढे गेला. काकांनी दहा फेऱ्या होईपर्यंत वाट बघितली. तिनं शब्द पाळला. या आठ महिन्यांत त्या पट्टीत त्यांच्यासाठी कुणी केलेलं एवढं एकच काम म्हणायचं, आणि ते असं. त्यांनी फोन बंद केला, कपाटात काकूंच्या शालीखाली ठेवून दिला, आणि वहीत शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला.

शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी दूध-पाव खाल्ला. मऊ भात केला, पण कवळी मांडीवरून फरशीवर पडल्यापासून तिचा एक दात हलत होता आणि हिरडी सुजली होती, म्हणून ती काढूनच ठेवलेली. चारचा चहा मात्र केला. तो पिताना दोन्ही दिवस त्यांच्या मनात आलं, तिकडे तिनं टाकला असेल की नाही.

रविवारी एकला दहा मिनिटं असताना त्यांनी शालीखालून फोन काढला.

"बाबा, जेवलात का?"

हे 'हो' इतकं तयार असे की तोंड उघडायच्या आत बाहेर पडे. काकांनी ते ओठांत धरलं, अंगठा धरला होता तसं.

"नाही," ते म्हणाले.

"बरं. गोळी घेतली?"

 पलीकडे नात काहीतरी गुणगुणत होती, हॉर्न वाजत होते.

"दातांचं काय केलं? जायचंय ना? जाऊन या एकदा. बाकी ठीक? जपून राहा हं बाबा, मी आता—"

"अगं, मी नाही म्हटलं."

"काय नाही?"

"जेवलो नाही. परवापासून नीट जेवलेलो नाही. चावता येत नाही."

"अहो पण मग कवळी… मी पैसे पाठवले होते ना?"

"घालवले."

"घालवले म्हणजे? हरवले? कशात घालवले?"

"जुगारात."

पलीकडे नुसती टिकटिक ऐकू यायला लागली. गाडी बाजूला घेताना दिवा लागतो, त्याची. मग इंजिन बंद झालं.  आत किती दाब झालाय ते काकांना कळत नव्हतं.

मग मुलगी फुटली. "जुगारात? तुम्ही? आईनं आयुष्यभर एक-एक पैसा… बाबा, तुम्हाला कळतं का काही? आणि दर रविवारी मला सांगता ठीक, ठीक! मी इकडे समजतेय सगळं ठीक!" ती रागावली, आणि चांगली पाच मिनिटं रागावली. पोहण्याचा वर्ग बुडाला असावा, कारण नात मागून "आई, उशीर" म्हणत होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. रागावता रागावता मुलीचा आवाज थरथरायला लागला. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. किती वर्षांनी ऐकत होते ते हा आवाज.

"पण का?" ती शेवटी म्हणाली. "का केलंत असं?"

काकांना खोटं सुचलं नाही. दात नसल्यामुळे शब्द बोबडे येत होते, तरी ते सावकाश बोलले. "कुणाशी बोलायला मिळत नाही गं. तिथं बोलत होते. मग त्यांना वाटलं मी मशीन आहे. म्हणून."

तिला यातलं किती समजलं कोण जाणे. बराच वेळ तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"मला करायचा ना फोन," ती म्हणाली. "रविवारचीच वाट कशाला बघायची? केव्हाही करा."

काका उठले, टेबलावरून वही घेतली, पेनचं टोपण काढलं. आयुष्यभर वेळापत्रकावर चाललेला माणूस. 'केव्हाही' हा रकाना त्यांनी कधी पाडलाच नव्हता.

"केव्हाही म्हणजे," त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

 टिकटिक अजून चालूच होती. काका पेन हातात धरून थांबले.